देबूजींची श्रद्धा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा श्रीसंत गाडगेबाबांविषयी काही लिहून देण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्ही नाहीच म्हणालो. आम्ही विद्वान नव्हे. १९७६ साली मॅट्रिक झालो, शिक्षकाची सनद घेतली आणि चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत बाराखडी व पाढे शिकविले. बाबांची चरित्रे मोठमोठ्या लेखकांनी लिहिली आहेत. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी तर बाबांच्या हयातीतच त्यांचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले. तेथे आमच्यासारख्याने अधिक काय सांगावे? परंतु संपादकांनी पुन्हा निरोप धाडला की, "गुरुजी, बाबांची तसबीर आपल्या समाजाच्या घराघरांत आहे, पण त्यांचे चरित्र वाचलेली घरे थोडी आहेत." हे बोलणे आम्हांस लागले, कारण ते खरे आहे, आणि आमच्या स्वतःच्या घराविषयीही काही काळ ते खरे होते. तो प्रसंग पुढे येईलच.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. बाबा आपल्या परीट समाजात जन्मले याचा आपणांस अभिमान वाटतो, तो स्वाभाविक आहे. परंतु बाबांना स्वतःला तो कधी वाटला नाही. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते जन्मभर सांगत आले. जातीचा म्हणून त्यांनी कोणास जवळ केले नाही की परजातीचा म्हणून कोणास दूर लोटले नाही. तेव्हा 'आमचे बाबा' असे म्हणताना आपला आवाज किंचित खाली असावा, असे आमचे मत आहे.

देबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील झिंगराजी व्यसनाधीन होते. दारू ही त्या काळी आपल्या घरांतून केवळ चैन नव्हती, ती धर्माचा भाग होऊन बसली होती. देवास बकरे कापावे, पंक्तीस मटण वाढावे आणि त्यासोबत दारू असावीच असावी, नाहीतर देव कोपतो व भाऊबंद रुसतात, अशी समजूत होती. त्या समजुतीपायी झिंगराजींचे घर गेले, शेती गेली आणि देबूजी आठ वर्षांचे असताना झिंगराजीही गेले. माता सखूबाई मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी माहेरी आल्या. मामा चंद्रभानजी यांची तेथे शेती होती. मुलगा गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला, रात्री भजनांत बसू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. आम्ही शाळेत असताना कितीतरी मुले अशीच पाहिली. बाप व्यसनात गेलेला, आई परक्या आधाराने राहिलेली. अशा मुलांपैकी बहुतेकांच्या मनात देवाविषयी एक तर भय उरते, नाहीतर तिरस्कार. ज्या देवाच्या नावाने बकरे कापले जाते आणि बाप दारू पितो, त्या देवावर मुलाने विश्वास का ठेवावा? देबूजींच्या आयुष्यातील पहिली नवलाची गोष्ट आम्हांस हीच वाटते. त्यांनी दारूचा देव टाकला, बोकडाचा देव टाकला, पण देव टाकला नाही. गोपाळाचे नाम त्यांच्या ओठी राहिले ते अखेरपर्यंत. पुष्कळदा आपल्या हातून दोन्ही एकदमच टाकले जातात, किंवा दोन्ही एकदमच धरून ठेवले जातात. निवडून घेणे फार थोड्यांस साधते.

दापुऱ्यास मामांची जमीन सावकाराच्या कर्जात सापडली. अक्षरशून्य शेतकऱ्याने कागदावर अंगठा उठविला आणि व्याजाने जमीन गिळली, ही त्या काळची वऱ्हाडातील घरोघरची कथा. चंद्रभानजी त्या धक्क्यानेच गेले. जमिनीचा ताबा घ्यावयास सावकाराची माणसे आली तेव्हा तरुण देबूजींनी नांगर सोडला नाही, ते अंगावर धावून गेले, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे हे गृहस्थ मुळात भिडस्त नव्हते, अंगात रग होती. पुढे जे वैराग्य आले ते दुबळ्या माणसाचे वैराग्य नव्हते, हे ध्यानी धरावयास हवे.

यथाकाल कुंताबाईंशी विवाह झाला, मुले झाली. कन्या आलोका हिच्या बारशाचा प्रसंग प्रसिद्ध आहे. रूढीप्रमाणे भाऊबंद मटणाच्या व दारूच्या पंगतीसाठी जमले आणि देबूजींनी त्यांच्या पानांत गोडधोड वाढले. आज हे वाचताना त्यात काही पराक्रम दिसत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जातीची पंगत मोडणे म्हणजे काय, हे ज्यांनी जातपंचायतीच्या गोष्टी आजोबांच्या तोंडून ऐकल्या आहेत त्यांस सांगावे लागणार नाही. वाळीत पडण्याचे भय सावकाराच्या भयाहून मोठे असे. सावकाराशी भांडताना सारा गाव मनातून आपल्या बाजूस असतो, स्वकीयांच्या पंगतीत मात्र माणूस एकटा असतो.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे देबूजींनी घर सोडले. वयाची एकोणतीस वर्षे पूर्ण व्हावयास काही दिवस कमी होते. अंगावर जुने वस्त्र, हाती काठी आणि मातीचे एक फुटके गाडगे, एवढाच संसार सोबत घेतला. पुढे याच गाडग्यावरून लोक त्यांस गाडगेबाबा म्हणू लागले. कोठे त्यांस गोधडेबुवा म्हणत, कोठे चापरेबुवा. ठिगळांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. हे रूप पाहून पोरे मागे लागत, कुत्री भुंकत, आणि गृहिणी दार लावून घेत.

बारा वर्षे ते असे फिरले. परंतु भिक्षेकरी आणि बाबा यांत एक मोठा भेद होता. ते दारी येत, अंगणात लाकडे पडलेली दिसली तर फोडून देत, केर दिसला तर झाडून काढीत, वाटेत गाडी अडली असेल तर चाकास खांदा देत, आणि मगच भाकरी घेत. काम न करता घेतलेला घास त्यांस चालत नसे. अनेक वेळा काम करूनही भाकरी मिळत नसे, शिव्या मिळत, तेव्हा ते तसेच पुढे जात. लोक म्हणतात, साधूने ईश्वराचा शोध अरण्यात घेतला. बाबांनी तो लोकांच्या अंगणात, उकिरड्यावर आणि नदीच्या घाटावर घेतला.

घाटाची गोष्ट जरा विस्ताराने सांगावीशी वाटते, कारण ती आपल्या धंद्याच्या अगदी जवळची आहे. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. यात्रेकरू स्नानासाठी नदीत उतरत तेव्हा काठच्या चिखलात म्हातारीकोतारी माणसे घसरून पडत, लुगडी-धोतरे चिखलाने भरत, मुले रडत. हे दृश्य वर्षानुवर्षे सर्वांनी पाहिले होते. पुजाऱ्यांनी पाहिले, श्रीमंत यजमानांनी पाहिले, पुराणिकांनीही पाहिले. देबूजींनी ते पाहिले आणि कुदळ-फावडे घेऊन उतरणीवर माती ओढू लागले. प्रथम लोक हसले, मग दोघे-चौघे हातभार लावू लागले, आणि कालांतराने तेथे पक्का घाट झाला.

नदीकाठाचा चिखल आपल्या पूर्वजांस जितका ठाऊक होता तितका कोणासही नसेल. आमचे वडील भल्या पहाटे गाठोडी घेऊन नदीवर जात. कोणता दगड घसरतो, कोठे पाय रुततो, पावसाळ्यानंतर काठ कसा बदलतो, हे त्यांस डोळे मिटून सांगता येई. दुसरीही एक गोष्ट आहे. परटाच्या घरी साऱ्या गावाची घाण येते. रक्त, मळ, रोग्याची अंथरुणे, बाळंतिणीची लुगडी. त्या घाणीचा तिरस्कार करून परटाचे भागत नाही. ती भट्टीत घालावी, धोपटावी, नीळ द्यावी, वाळवून घडी करावी आणि ज्याची त्यास परत पोहोचवावी. घाण ही शिवी देण्याची वस्तू नसून काढून टाकण्याची वस्तू आहे, हे ज्ञान बाबांनी आपल्या घरातूनच नेले असावे, असा आमचा तर्क आहे. चरित्रकारांनी तसे म्हटलेले नाही, तर्क आमचाच आहे. गाव झाडताना ते गावास शिव्या देत नसत. झाडून झाल्यावर सायंकाळी त्याच गावास कीर्तनात मात्र भरपूर बोलत.

पुढील कार्य सर्वश्रुत आहे. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या राहिल्या. अन्नछत्रे, गोरक्षण, शाळा, वसतिगृहे झाली. पैसा लोकांचा आणि हिशेब चोख. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी या साऱ्या संस्थांचा कारभार पाहण्यासाठी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. त्याआधी १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. १९५४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कऱ्हाडच्या महाविद्यालयास सद्गुरु गाडगे महाराजांचे नाव दिले, आणि स्वतः अक्षर न शिकलेल्या माणसाचे नाव महाविद्यालयाच्या दारावर चढले. इतक्या इमारती उभारल्या, पण त्यांपैकी एकीतही स्वतः हक्काने राहिले नाहीत, झाडाखाली किंवा ओसरीवर झोपले. आपल्या कुटुंबीयांनाही तेथील अन्न घेऊ दिले नाही. पंढरीस वर्षानुवर्षे गेले, पण विठ्ठलाच्या गाभाऱ्यात दर्शनाची घाई केली नाही. चंद्रभागेचे वाळवंट झाडीत राहिले.

येथे कोणी विचारील की, मग यांस श्रद्धाळू म्हणावे तरी कसे? मूर्तीस नवस नको, बळी नको, गंडा-दोरा नको, गुरू नको. शहरातील काही सुशिक्षित मंडळी बाबांस केवळ समाजसुधारक म्हणतात आणि मुखी असलेले गोपाळाचे नाम ही लोकांस जमविण्याची युक्ती होती, असे सुचवितात. आम्हांस हे पटत नाही. युक्ती म्हणून माणूस एक वर्ष, दोन वर्षे नाम घेईल. एक्कावन्न वर्षे, घर नाही, पैसा नाही, पुढे-पुढे तर शरीरही साथ देत नाही, अशा स्थितीत कोणती युक्ती टिकते? त्या नामाच्या बळावाचून खराटा हातात राहिला नसता. त्यांच्या ठायी नाम आणि खराटा या दोन वस्तू नव्हत्याच, आपण त्या वेगळ्या करून पाहतो म्हणून आपणांस कोडे पडते.

या श्रद्धेची कसोटी १९२३ साली लागली. बाबांचा पुत्र गोविंद पिसाळलेला कुत्रा चावून दगावला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटण येथे होते. कीर्तन चालू असताना निरोप आला, आणि त्यांनी कीर्तन थांबविले नाही. हा प्रसंग आपल्या सभांतून वक्ते मोठ्या आवेशाने सांगतात आणि टाळ्या पडतात. आम्हांस मात्र तेथे टाळी वाजविता येत नाही. आम्हीही पिता आहोत. त्या रात्री बाबांच्या अंतःकरणात काय झाले असेल ते कोणी पाहिले नाही, आणि दुरून त्यास शांती असे नाव देण्याचा अधिकार आम्ही घेऊ इच्छित नाही. शिवाय त्या वेळी कुंताबाई कोठे होत्या, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. पती जिवंत असताना एकटीने झोपडीत राहणे, मुले वाढविणे, लोकांनी पतीच्या पाया पडावे आणि आपण मात्र त्यांच्याच संस्थेतील भाकरी घेऊ नये, आणि मग पोटचा मुलगा जाणे. बाबांच्या श्रद्धेचे मोल त्या माउलीने अर्धे भरले आहे, आणि तिने ते आपण होऊन भरले की तिच्याकडून भरून घेतले गेले, हे आम्हांस सांगता येत नाही. तिची तसबीर किती घरांत आहे?

बाबांचे कीर्तन आम्ही प्रत्यक्ष ऐकले नाही, आमचा जन्म त्यांच्या निर्वाणानंतर तीन वर्षांनी झाला. वडिलांनी ऐकले होते. एका यात्रेत, तरुणपणी. गर्दी अपार, वडील फार मागे उभे, त्यामुळे निम्मेअधिक शब्द कानांवर आलेच नाहीत, असे ते प्रांजळपणे सांगत. बाबा श्रोत्यांस प्रश्न विचारीत आणि हजारो माणसे एका आवाजात उत्तर देत, तेवढे मात्र स्पष्ट ऐकू येई. कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, देवास कोंबडे-बकरे मारू नका, घरातील ताट विकावे लागले तरी विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला, असा उपदेश होता. कीर्तन संपल्यावर वडील तेथेच मैदानात झोपले. पहाटे जागे झाले तो बाबा निघून गेलेले. इतक्या हजार माणसांनी रात्रभर तुडविलेले ते मैदान झाडून स्वच्छ झालेले होते, आणि झोपलेल्या माणसांच्या भोवतालचा केरसुद्धा काढलेला होता, त्यांस न उठविता. वडील म्हणत, कीर्तन मी विसरलो, पण तो झाडलेला पट्टा विसरलो नाही. त्यानंतर वडिलांनी दारूस शिवले नाही आणि तिन्ही मुलांना शाळेत घातले. कोळशाच्या इस्त्रीने भाजलेले हात घेऊन ते आम्हांस वर्गाच्या दारापर्यंत सोडावयास येत. आम्हांस त्या हातांची लाज वाटे, हेही येथे लिहून ठेवतो.

आता आमची गोष्ट. अशा पित्याचा पुत्र, शाळेत मुलांस बाबांचा धडा शिकविणारा गुरुजी, मी काय केले? (स्वतःच्या चुकीपुरते 'आम्ही' म्हणवत नाही, म्हणून 'मी'.) ज्येष्ठ कन्येच्या लग्नात पतपेढीचे कर्ज काढले. मंगल कार्यालय, मंडप, वाजंत्री, पाचशे पाने, मानपानाचे आहेर. दर्शनी भागी बाबांची तसबीर मांडून तिला मोठा हार घातला होता. कन्येची इच्छा बी. एड. करण्याची होती. तिचे शुल्क लग्नाच्या खर्चाच्या दहावा हिस्साही नव्हते. मी म्हणालो, 'पुढच्या वर्षी पाहू.' कर्जाचे हप्ते सात वर्षे फेडीत होतो. कन्येने पुढे सासरी राहून, दोन मुले सांभाळून, स्वतःच्या हिमतीवर ते शिक्षण पुरे केले. मला तिने कधी बोल लावला नाही. केवळ एकदा, घरातील बाबांची तसबीर पुसताना ती म्हणाली, "अण्णा, बाबा त्या दिवशी मंडपात खरोखर आले असते तर जेवले असते का हो?" आम्ही उत्तर दिले नाही. त्या रात्री कपाटातून बाबांचे चरित्र काढले आणि प्रथमच पहिल्या पानापासून अखेरपर्यंत वाचले.

म्हणून यंदाच्या अधिवेशनात जे ज्ञातिबांधव सामुदायिक विवाहाचा ठराव मांडणार आहेत, त्यांस आमचा पाठिंबा आहे. आरक्षणाचा प्रश्न वेगळा, त्याविषयी याच अंकात अन्यत्र जाणकारांनी लिहिले असेल.

बाबांच्या पश्चात त्यांचे नाव फार मोठे झाले. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या विद्यापीठास पुढे त्यांचे नाव देण्यात आले. शासनाने २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालविले, आणि मुंबईस दादरला कर्करोगाच्या रुग्णांसाठी व त्यांच्या नातलगांसाठी त्यांच्या नावाची धर्मशाळा उभी आहे. ग्रामस्वच्छता अभियानात आम्ही शाळेच्या मुलांसह गाव झाडला. तपासणीचे पथक येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी झाडावयास आम्ही आणि शाळेचा शिपाई असे दोघेच होतो.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात झालेल्या बाबांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण झालेले आहे. आमच्या नातवाने ते आम्हांस भ्रमणध्वनीवर लावून दिले. ऐंशी वर्षांचे शरीर, थकलेला आवाज, पण प्रश्न तेच आणि श्रोत्यांचा तो एकमुखी होकारही तोच. वडिलांनी सांगितलेले ते सारे शब्द आम्ही प्रथमच कानांनी ऐकले. नातू शेजारी बसून होता. वऱ्हाडी बोली त्यास पुरती कळेना, तेव्हा मधून मधून आम्ही अर्थ सांगत गेलो.

त्यानंतर महिन्याभराच्या आतच, ६ डिसेंबर रोजी डॉ. आंबेडकर गेले. पुढे चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच बाबांनी देह ठेवला. घरात नाही, मठात नाही, धर्मशाळेतही नाही, तर रस्त्यावर. वार्ता आमच्या गावी पोहोचली तेव्हा वडिलांनी भट्टी लावलेली होती. आई सांगत असे की, त्यांनी जाळ काढून घेतला, गाठोडी तशीच झाकून ठेवली आणि मिळेल त्या वाहनाने अमरावतीस गेले. तेथे लोटलेल्या जनसमुदायात त्यांस दर्शन घडले की नाही, हे त्यांनी कधी सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी परतले, आंघोळ केली आणि भट्टी पुन्हा पेटविली. लोकांचे कपडे द्यावयाचे राहिले होते.